परत न घेता आलेली साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. रविवारी गाणी झाली की पाळकसाहेब विचारतात, "कोणाला प्रभूचे उपकार सांगायचे आहेत?" मग एकेक जण उठतो. कोणाच्या लेकीचं लग्न जमलेलं असतं, कोणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते, कोणाचा ताप उतरलेला असतो. सांगून झालं की आम्ही टाळ्या वाजवतो आणि हालेलुया म्हणतो. मेडशीला रोडच्या कडेला टिनाखाली बसणारी आमची मंडळी मोजकीच. कोणाच्या घरात काय चाललंय ते साक्षीच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं, तरी ऐकायला बरं वाटतं. दिलेली साक्ष परत कशी घ्यायची, हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, मोटर वायंडिंगचं काम करतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी लोक आणून टाकतात, हे त्या उघडतात, आतली जळकी तार काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. शुगर यांना फार वर्षांपासून. आधी गोळ्या होत्या, मग सुई आली. सुई मीच टोचायची. टोचताना दरवेळी ओरडायचे, "हळू वं, माणूस हावो मी, मोटर नाई." मी म्हणायचे, "मोटर असते तं बरं झालं असतं, गप तरी बसली असती." आमच्या संसारात थट्टामस्करी होती ती एवढीच, पण रोजची होती.

मग अकोल्याकडे एक मोठी सभा भरली. बाहेरगावचे प्रचारक आले होते. हे उपास धरून गेले. प्रचारकांनी एकेका रोगाचं नाव घेतलं आणि ज्याला जो रोग असेल त्याने दुखऱ्या जागी हात ठेवा म्हणून सांगितलं. यांनी पोटावर हात ठेवला. यांना पोटात ऊब लागल्यासारखं झालं म्हणे. सकाळी तिथेच सभेला आलेल्या एकाच्या मशीनवर बोटाचं रक्त तपासलं, तर शुगर अगदी निरोग्या माणसासारखी. आता उपाशी पोट, त्यात मी घरून टोचून पाठवलेली सुई. शुगर खाली येणार नाही तर काय होईल? पण इतकी साधी गोष्ट त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आली नाही. माझ्याही नाही. मला तर रडू फुटलं, इतका आनंद झाला.

रविवारी यांनी उठून साक्ष दिली. "माही शुगर प्रभूनं नेली. ज्यानं रोग नेला त्याच्यावर इश्वास ठेवून आजपासून सुई बंद." टिनाचं छप्पर हलेल एवढ्या टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेडिकलवाला भाई तेवढा संध्याकाळी मला म्हणाला, "भाभी, दुआ करो, बिलकुल करो, पर सुई बंद मत करो." मी घरी येऊन सांगितलं, तर हे हसले. म्हणाले, "त्याचा धंदा बसते ना बावा."

त्या साक्षीने हे पार बदलले. एरवी चार लोकांत तोंड न उघडणारा माझा नवरा, आता त्यांना जागोजागची बोलावणी येऊ लागली. मालेगावला बोलले, शिरपूरला कोणाच्या घरी प्रार्थना होती तिथे बोलले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे. मला अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. घरात जो माणूस मीठ कमी आहे एवढंच बोलतो, तो बाहेर लोकांना रडवतो!

कामरगावला बोलले तेव्हा मी सोबत होते. तिथे एक म्हातारी पुढेच बसली होती. पोरीजवळ राहायची, नवरा नव्हता. तिलाही शुगर, तिलाही सुई. यांची साक्ष ऐकता ऐकता ती घळाघळा रडली आणि शेवटी उठून म्हणाली, "भाऊ, मीबी सोडली आजपासून." पुन्हा टाळ्या. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जेवताना ती यांच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढत होती आणि म्हणत होती, "तुमी माहे डोळे उघडले." आम्ही तिला मावशी म्हणू लागलो.

पुढे तिच्या लेकीचा फोन आला. "मामा, माय तुमचंच आयकते. तिले सांगा ना सुई घे म्हणून. पाय सुजून राह्यले तिचे." हे म्हणाले, "बाई, मी सुई सोडली अन् तुह्या मायले घे म्हणू? मंग माह्या साक्षीले काय अर्थ राह्यला?" फोन ठेवून हे बराच वेळ मोटरीची तार गुंडाळत बसले. मी विचारलं, "आपला देव एका सुईनं नाराज होते का?" यांनी तारेचा पुढचा वेढा घातला.

आमच्या मोरीत मुंग्या दिसायला लागल्या तेव्हा मला कळलं. आमच्याकडे म्हातारे सांगत आलेत, लघवीला मुंग्या लागल्या की समजायचं, शुगर चढली. मी पाणी टाकलं, पावडर टाकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी यांना हाताला धरून मोरीत नेलं.

"हे काय हाये?"

"मुंग्या हायेत."

"कायले आल्या?"

"मुंग्यायले इचार."

"थट्टा नका करू. तपासून या."

"तपासलं म्हंजे मी शंका घेतली. शंका घेतली की मिळालेलं गेलं."

"अहो, जळालेल्या मोटरीवर तुमी कधी नुसता हात ठेवून प्रार्थना केली का? तिथं तं मुकाट्यानं नवी तार भरता!"

यावर हे शांतपणे म्हणाले, "मोटर माणसानं बनवली. शरीर त्यानं बनवलं." असं बोलल्यावर काय करावं माणसाने? भांडायचं तर प्रभूशीच भांडण होतं. मी भांडले. चुलीपुढे बसून रोज भांडले. म्हटलं, तुला बरं करायचं नव्हतं तर पोटात ऊब कायले दिली? मुंग्या मात्र येत राहिल्या.

मग हे घरातही मोजे घालू लागले. उन्हाळ्याचे दिवस, टिनाचं घर तापून निघालेलं, आणि हे मोजे घालून बसलेले! एक दिवस हे झोपेत असताना मी मोजा ओढला. अंगठ्याच्या खालची जागा काळी पडली होती आणि वास येत होता. मोटरी भरायच्या शेडमध्ये पत्र्याचा तुकडा लागला होता म्हणे, यांना कळलंही नव्हतं. मी ओरडले, हातापाया पडले, माहेरी जाते म्हणाले. हे एवढंच म्हणाले, "कोणाले सांगू नको. मावशीच्या कानावर गेलं तं तिचा इश्वास मोडून जाईन."

मी पाळकसाहेबांकडे गेले. भला माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "बाई, मी त्यांना सुई सोडा असं कधीच म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, "सोडू नका असं तरी कुठं म्हटलं?" बोलून गेल्यावर मलाच वाईट वाटलं. संध्याकाळी ते घरी आले, यांच्याजवळ बसले. कृपा म्हणजे काही कमाई नाही, आपल्या विश्वासाच्या बदल्यात ती मिळत नाही, औषध घेतल्याने ती कमी होत नाही, असं खूप मायेने समजावलं. हे ऐकून घेत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, खरं हाये तुमचं. पण मी लोकाईले सांगून बसलो ना." माझ्या लक्षात आलं, यांना आता प्रभूची भीती नव्हती, टाळ्या वाजवणाऱ्यांची होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि निघून गेले. दारात मला म्हणाले, "मी काय करू, सांगा." मी तरी काय सांगणार!

एका दुपारी हे शेडमध्येच पडले. अंगात ताप, शुद्ध नाही. गावातल्या एकाच्या गाडीत घालून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की पाय ठेवला तर माणूस जाईल. मी सही केली. गुडघ्याखालून पाय काढला. बाहेर बाकावर बसून मी प्रार्थना करायला गेले, तर तोंडातून शब्दच निघेना. मी नुसती "अरे बावा, अरे बावा" करत राहिले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात खरी प्रार्थना असावी, असं मला आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नाही. तेव्हा फक्त भीती वाटत होती.

शुद्धीवर आल्यावर यांनी चादरीवरून हात फिरवला. जिथे पाय असायला हवा तिथे चादर सपाट होती. हे रडले नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मावशीले फोन लाव."

मी फोन लावला. लेकीने उचलला. हे पडल्या पडल्या म्हणाले, "तुह्या मायले दे." पलीकडे कुजबुज झाली. मग लेक म्हणाली, "माय फोनवर येत नाई म्हणते मामा. तुमाले दवाखान्यात नेलं आयकून उपास धरला तिनं, प्रार्थनेत बसली हाये." आणि हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "तिच्याबी पायाले जखम झाली हाये. मले हात लावू देत नाई." त्या दिवसापासून यांच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. स्वतःच्या पायाबद्दल मी काही विचारलं की म्हणायचे, "माहं झालं ते झालं. तिचा पाय अजून हाये."

घरी आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी यांना कुबड्यांवर मंडळीत नेलं. साक्षीची वेळ आली तसे हे उठले. हे म्हणाले, "मी बरा झालो नव्हतो. माहं चुकलं. प्रभूनं फसवलं नाई, मीच घाई केली. कोणी सुई सोडली असंन तं आजच चालू करा." मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

आणि टाळ्या पडल्या! हो, टाळ्या. सवयच ती. कोणी उठून बोललं की वाजवायच्या. मागून कोणीतरी हालेलुया म्हणालं. मग एक वडील माणूस उठले आणि मोठ्याने प्रार्थना करू लागले की, प्रभू, आमच्या भावाला सैतानाने निराश केलंय, त्याची पहिली साक्ष त्याला परत मिळू दे. सगळे आमेन म्हणाले. हे उभेच. मी हात धरून खाली बसवलं. त्या भल्या लोकांत एकही वाईट माणूस नव्हता, सगळे डोळे पुसत होते. म्हणून तर कोणावर ओरडताही येईना. पाळकसाहेबांनी नंतर उठून, दवाखाना सोडू नका, असं स्पष्ट सांगितलं. पण तोवर लोकांचं लक्ष प्रार्थनेनंतरच्या गाण्याकडे गेलं होतं.

घरी येऊन हे म्हणाले, "मले कामरगावले ने."

"आता? अशा पायानं? दोन ठिकाणी गाडी बदला लागते."

"आजवर लोकाईनं बोलावलं म्हणून गेलो. तवा गळ्यात हार घालत होते. आता कोणी बोलावलं नाई म्हणून घरी बसू का? आताच जा लागते ना वं. प्रभूचा शिष्य म्हणवून घेतलं ना मी."

त्या दिवशी या माणसाबद्दल मला जे वाटलं ते लग्न झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. पण तोंडावर कोण सांगणार! मी म्हटलं, "चला मग. पडले तं मी उचलणार नाई."

वाशिमला एसटी बदलली, कारंज्याला उतरलो. पायऱ्या चढताना कंडक्टरने यांना काखेत धरून वर घेतलं. कारंज्याहून पुढे जीप मिळाली. हे वाटेत काय बोलायचं ते पुटपुटत होते. पूर्वी साक्षीला जाताना कधी तयारी केली नव्हती. घडीघडीला मला विचारायचे, "आयकंन ना ती?" मी म्हणायचे, "तुमचंच तं आयकते ती." मला खरंच तसं वाटत होतं. ज्याच्या सांगण्यावरून सोडलं, त्याने येऊन घे म्हटलं की ती घेईल, याहून सोपं काय असतं!

मावशी पडवीत खाटेवर बसली होती. चेहरा सुजला होता. एका पायाला जुन्या लुगड्याचं धडपं गुंडाळलेलं होतं आणि तो वास मला दारातच आला. मी तो वास ओळखत होते. लेक आम्हाला पाहून भिंतीला टेकून रडायलाच लागली.

मावशीने यांना जवळ बसवलं. हे खाटेवर बसले, आणि ठरवलेलं सगळं विसरून एकदम म्हणाले, "मावशी, सुई घे. माहं आयक. मी चुकीची साक्ष देली. हे पाह्य काय झालं." आणि पँटची दुमडलेली मोहरी वर केली.

मावशीने तिथे हात ठेवला. टाके होते त्या जागेवरून हलकेच बोटं फिरवली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मला वाटलं, समजलं हिला. मी मनातल्या मनात प्रभूचे आभारही मानून टाकले.

मग ती म्हणाली, "भाऊ, तुमी थोडं अजून थांबा लागत होतं. बेशुद्ध पडले म्हणून लोकाईनं नेलं तुमाले, तुमचा काय दोष? पण मी नाई सोडणार. तुमीच देलेला इश्वास हाये माह्याजवळ."

"मी देला तोच चुकीचा होता, मावशी!"

"असं बोलू नये, लेकरा. पाप लागते."

हे हात जोडू लागले. एका पायावर तोल जाऊन खाटेवरून घसरले, मी धरलं. हे म्हणत होते, "तुह्या पाया पडतो. एक डाव डॉक्टरकडे चाल. माहा दुसरा पाय गेला तं चालते, पण तू चाल." मी बोलले, लेक बोलली. मावशी प्रेमाने हसत होती. लहान मूल हट्ट करतं तेव्हा आपण हसतो ना, तसं. मग तिने यांच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. शब्द सगळे यांचे होते. कामरगावला यांनी तिच्यासाठी जी प्रार्थना केली होती, तीच, जशीच्या तशी, फक्त आता यांच्यासाठी. "याचा डगमगलेला इश्वास उभा कर, बाप्पा. याले पुन्हा बोलता कर." हे ढसाढसा रडत होते. ती रडणं ऐकून आणखी जोराने प्रार्थना करत होती, कारण तिला वाटत होतं प्रार्थना लागू पडतेय.

मला त्या क्षणी फार एकटं वाटलं. प्रभू तिथे असेल तर कोणाच्या बाजूला बसला असेल, ते मला सांगता आलं नसतं. आजही येत नाही. एवढं मात्र दिसत होतं की त्या म्हातारीइतकं निर्मळ प्रेम आमच्यावर कोणी केलं नव्हतं, आणि त्याच प्रेमाने ती आमच्यासमोर मरत होती.

आमेन झाल्यावर तिने लेकीला चहा टाकायला सांगितला. चहा आला. लेकीने मायचा कप वेगळा आणला होता, बिनसाखरेचा. मावशीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखरेचा डबा मागितला. लेक हलेना. तेव्हा ती स्वतः भिंतीला धरून उठली, त्या पायाने लंगडत आत गेली आणि डबा घेऊन आली. चमचा भरून साखर टाकली. यांच्याकडे पाहिलं आणि आणखी एक चमचा टाकला.

"मावशी, नको," हे म्हणाले.

"तुमच्यासाठीच घेऊन राह्यली, भाऊ," ती म्हणाली. "तुमाले धीर याले पायजे." मग बशीत ओतून, फुंकर मारून, आमच्याकडे बघत बघत तिने तो चहा सगळा संपवला.